आमदाराचे पत्र आणि भूलतज्ज्ञाची रिकामी जागा

‘आमच्या आमदारांनी आरोग्यासाठी काय केले?’ असे कुणी विचारले की दोन ठरलेली उत्तरे येतात. एका बाजूचे लोक कार्य अहवालाची गुळगुळीत पाने पुढे करतात: इतक्या रुग्णवाहिकांचे लोकार्पण, इतकी महाआरोग्य शिबिरे, इतक्या जणांना मुख्यमंत्री सहायता निधीतून मदत, मोतीबिंदूच्या इतक्या शस्त्रक्रिया मोफत. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, हे आमदाराचे कामच नाही. त्यांनी कायदे करावेत, खाट मिळवून देण्यासाठी फोन करत बसू नये. पहिल्यांच्या पाठीशी बरे झालेले खरेखुरे रुग्ण उभे असतात, दुसऱ्यांच्या पाठीशी नागरिकशास्त्राचे पुस्तक. त्यामुळे वाद दर वेळी पहिलेच जिंकतात आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात काहीच बदलत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. आरोग्याच्या बाबतीत आमदाराचे पहिले काम म्हणजे आपल्या मतदारसंघातल्या सरकारी दवाखान्यांतली मंजूर पदे भरून घेणे, तिथल्या औषधांचा हिशेब सभागृहात मागत राहणे आणि त्यासाठी अर्थसंकल्पात पैसा ओढून आणणे. पत्र, शिबिर, रुग्णवाहिका, विम्याचे कार्ड, नवी इमारत या सगळ्याचा क्रम त्यानंतर लागतो. आज हा क्रम नेमका उलटा आहे, आणि तो उलटा राहण्यात मतदार म्हणून आपलाही हात आहे.

हे काम आमदाराचेच का, असे कुणी विचारेल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची काढून पाहा. तिच्या सहाव्या नोंदीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने आहेत. दिल्लीहून योजना येते, निधी येतो, फलकावरचा फोटोही येतो. पण ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नेमायचा की नाही, हे मुंबईत ठरते. म्हणजे ज्या २८८ जणांना आपण विधानसभेत पाठवतो, त्यांनी मंजूर केलेल्या पैशातून आणि त्यांनी विचारलेल्या किंवा न विचारलेल्या प्रश्नांतून ठरते. खासदारापेक्षा आमदाराला इथे जास्त अधिकार आहे. तरीही निवडणुकीत या विषयावर त्यांना जितके कमी विचारले जाते तितके क्वचितच दुसऱ्या कशावर विचारले जात असेल.

एक उदाहरण जवळून पाहू. तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय घ्या. इमारत चांगली आहे, शस्त्रक्रियागृह आहे, दिवा आहे, टेबल आहे, ऑक्सिजनची नळी भिंतीतून आलेली आहे. बाळंतपणाला आलेल्या बाईच्या कळा थांबतात, बाळाचे ठोके मंदावतात. आता सिझेरियन हवे. स्त्रीरोगतज्ज्ञ असला तरी भूलतज्ज्ञ नाही. भूल देणारा नसेल तर त्या शस्त्रक्रियागृहाची किंमत बंद खोलीइतकीच. मग केसपेपरवर ‘पुढील उपचारासाठी संदर्भित’ असा शेरा पडतो, १०८ ला फोन जातो, आणि ती बाई जिल्ह्याच्या रस्त्याला लागते. भूलतज्ज्ञाचे हे एक पद रिकामे असल्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञाचा पगार, इमारतीचा खर्च, यंत्रांचा खर्च, सगळे त्या रात्रीपुरते वाया गेलेले असते. आणि ते पद कागदावर रिकामे असेलच असेही नाही. ‘प्रतिनियुक्ती’ नावाची एक सोय आहे: डॉक्टरची नेमणूक या रुग्णालयात, पगार याच्याच खात्यावर, प्रत्यक्ष काम मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. तक्त्यात पद भरलेले दिसते. म्हणून आमदाराने नुसते ‘किती पदे भरली?’ असे विचारून भागत नाही. ‘भरलेल्या पदांवरचे किती जण प्रत्यक्ष इथे काम करतात?’ असे विचारावे लागते.

या एका पदावर उपायही आहेत. एमबीबीएस डॉक्टरला काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीच्या बाळंतपणापुरती भूल देण्यास तयार करण्याचा कार्यक्रम देशात आहे. खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन देऊन बोलावण्याची तरतूद राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. मग आपल्या तालुक्यात हे का होत नाही? प्रशिक्षणाला कुणी पाठवले नाही, मानधन थकले, की पाठवलेला डॉक्टर परत आल्यावर त्याची दुसरीकडे बदली झाली? या प्रश्नाचे जाहीर उत्तर मंत्र्यांकडून विधानसभेत मागता येते आणि ते सभागृह आमदाराला खुले आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ. ज्याचा बाप आज रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी आहे, त्याला पदभरतीचे आश्वासन काय कामाचे? त्याला फोन करणारा माणूस हवा. हे मला पूर्ण मान्य आहे. महाराष्ट्रात असे आमदार आहेत, त्यांच्या कार्यालयात असे स्वीय सहायक आणि कार्यकर्ते आहेत, जे मध्यरात्री फोन उचलतात, खाट मिळवतात, बिल कमी करून आणतात, मृतदेह अडवून ठेवला असेल तर सोडवतात. त्यांनी वाचवलेले जीव खरे आहेत आणि त्या कामाला नाव ठेवणाऱ्याने आधी एक रात्र त्या कार्यालयात बसावे. उद्यापासून ते काम बंद करा, असे मी म्हणत नाही.

पण ते पत्र नीट वाचा. ‘सदर रुग्ण माझ्या मतदारसंघातील रहिवासी असून त्यांची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे, तरी त्यांना उपचारात सवलत मिळावी ही विनंती.’ हे पत्र बऱ्याचदा ज्या रुग्णालयाला जाते ते धर्मादाय असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने झालेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. म्हणजे जे कायद्याने त्या माणसाचे आहे, तेच मिळवण्यासाठी त्याला आमदाराच्या लेटरहेडची ‘विनंती’ लागते. हक्काची वस्तू हातात येते ती मेहेरबानी होऊन, आणि ज्याने ती मिळवून दिली त्याचे उपकार कुटुंब पिढीभर विसरत नाही. ज्याला कार्यालयाचा पत्ता माहीत नाही, ज्याच्या वस्तीत कार्यकर्ता नाही, ज्याने दुसऱ्या पक्षाचा झेंडा धरला होता, त्याचे काय? खाटा तेवढ्याच आहेत. पत्राने खाट वाढत नाही, ती कुणाला द्यायची एवढेच बदलते. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे मोठी अनामत मागितल्याच्या आरोपाने राज्य ढवळून निघाले, तेव्हा तर राजकीय ओळख असलेल्या घरावरही ही वेळ येते हे दिसले. त्यानंतर तोडफोड झाली, मोर्चे निघाले, चौकशी समित्या बसल्या. पण धर्मादाय खाटांचा रोजचा हिशेब प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लागला पाहिजे आणि तो खोटा निघाला तर शिक्षा झाली पाहिजे, ही मागणी त्या गदारोळात कितीशी ऐकू आली? पत्र लिहिणाऱ्या हातांनीच ती मागणी सभागृहात लावून धरायला हवी.

रुग्णवाहिका आणि इमारती यांचेही एक कारण आहे, ते समजून घेतले पाहिजे. आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो, वर्षाला पाच कोटी रुपये. या निधीतून वस्तू घेता येते, बांधकाम करता येते. पगार देता येत नाही. म्हणून डायलिसिसचे यंत्र येते आणि ते चालवणारा तंत्रज्ञ येत नाही. क्ष-किरण यंत्राचे उद्घाटन होते आणि चार महिन्यांनी त्यावर कापड टाकलेले दिसते. रुग्णवाहिका येते, तिच्या चालकाचा पगार आणि डिझेल कुठून येणार हे कुणी विचारत नाही. आमदार वाईट आहेत म्हणून असे होत नाही. त्यांच्या स्वतःच्या सहीने जे मिळते ते यंत्र, आणि सभागृहात भांडून जे मिळते ते माणूस. पहिल्याची फीत कापता येते. नर्सच्या नेमणुकीची फीत कुणी कापत नाही, त्यामुळे त्या कामाला श्रेय नाही. जिल्ह्याजिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय हवे या मागणीचेही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. डॉक्टर वाढले पाहिजेत, यात वाद नाही. पण नवे महाविद्यालय अनेकदा जिल्हा रुग्णालयालाच जोडले जाते, आणि मग तेच रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जाते. खाती दोन झाली, अध्यापकांची पदे रिकामी राहिली, तर पाटी बदलून रुग्णाला काय मिळते?

नांदेड आठवा. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यानच्या २४ तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ जण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. दीड महिना आधी कळव्याच्या पालिका रुग्णालयात एका रात्रीच्या आसपास १८ मृत्यू झाले होते. नांदेडनंतर लोकप्रतिनिधींचा संताप कसा व्यक्त झाला? एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले. रिकाम्या पदांचा आणि औषधखरेदीचा हिशेब मागितला तो मुंबई उच्च न्यायालयाने, स्वतःहून दखल घेऊन. जो प्रश्न विधानसभेने मृत्यूंच्या आधी विचारायला हवा होता, तो न्यायालयाने मृत्यूंनंतर विचारला. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला. दर वेळी शोक, मदत, चौकशी, निलंबन. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) अहवाल विधिमंडळात आला आणि त्यात राज्याच्या आरोग्यसेवेतली डॉक्टरांची चौथ्या हिश्श्याहून अधिक आणि परिचारिकांची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पदे रिकामी असल्याचे लिहिले होते. तो अहवाल आमदारांच्याच टेबलावर ठेवलेला होता. त्यावर किती तास चर्चा झाली, हे आपापल्या आमदारांना विचारा.

विम्याचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे, आणि इथे मी विरोधकांना बरेच काही देऊन टाकतो. १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून सुरू झालेला हा प्रवास २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आला. २०२३ मध्ये सगळ्या कुटुंबांना आणि पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. ज्या शेतमजुराच्या हृदयात स्टेंट बसला, ज्या बाईला केमोथेरपी मिळाली, त्यांना ही योजना नसती तर जमीन विकावी लागली असती किंवा मरण पत्करावे लागले असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत एका वेळच्या रुग्णालयवासाचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला होता. हा फरक ज्याला भरावा लागतो त्याला कार्डाचे मोल शिकवायला नको.

तरीही कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे. योजना प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णाला, ठरलेल्या उपचारांसाठी, अंगीकृत म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात लागू होते. ताप, खोकला, रक्तदाब, मधुमेह, पाठदुखी, मुलाचे जुलाब, म्हाताऱ्या आईची रोजची गोळी यांना ती लागू नाही. कुटुंबाचा पैसा थेंबाथेंबाने जातो तो इथेच, आणि त्यातला मोठा वाटा औषधांचा असतो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी २०२१-२२ मध्येही ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून झाला. रक्तदाबाची स्वस्त गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा महिने मिळाली नाही की माणूस गोळी सोडतो आणि पुढे पक्षाघात झाला की कार्ड घेऊन शहराच्या रुग्णालयात पोचतो. आपण मग पाच लाखांच्या संरक्षणाचे कौतुक करतो. शिवाय अंगीकृत रुग्णालये जिथे खासगी रुग्णालये आहेत तिथेच असणार. धडगाव, भामरागड, धारणीसारख्या दुर्गम तालुक्यांतल्या माणसाच्या हातातले कार्ड आणि पुण्यातल्या माणसाच्या हातातले कार्ड सारखेच छापलेले आहे. त्या दोन कार्डांचा उपयोग सारखा आहे का? आणि हृदयविकाराला जी वाट पाहता येत नाही, सर्पदंशाला जी वाट पाहता येत नाही, त्या पहिल्या तासात कार्ड काय करणार?

पहिल्या तासात काय होऊ शकते, हे याच राज्याने जगाला दाखवले आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसून नोंदी घेत होते. पुढे प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि तांबड्या विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या आरोग्यसेविकांच्या बळावर काम उभे केले. यातल्या एकाही ठिकाणी मोठी इमारत किंवा मोठे यंत्र हे कारण नव्हते. शिकलेला माणूस गावाजवळ होता, त्याच्याकडे औषध होते आणि तो तिथे टिकला. सरकारने नेमके हेच प्रत्येक तालुक्यात करायचे आहे. ते करण्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक बावस्कर जन्मावा अशी वाट पाहता येणार नाही. साधा, सरळ, पगारी डॉक्टर तिथे राहू शकेल अशी व्यवस्था लागते.

यावर लगेच उत्तर येते: डॉक्टर खेड्यात यायलाच तयार नाहीत, पदे जाहीर करून काय उपयोग? अडचण खरी आहे. तरुण डॉक्टरच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. कंत्राटी नेमणूक, उशिरा येणारा पगार, गळके निवासस्थान, मुलांच्या शाळेची पंचाईत, रात्री रुग्ण दगावला तर नातेवाइकांची मारहाण. पण ही यादी वाचून एक गोष्ट लक्षात येते: यातली प्रत्येक अडचण सरकारने निर्माण केलेली किंवा सरकारला सोडवता येण्यासारखी आहे. तमिळनाडूने वर्षानुवर्षे सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर शिक्षणात राखीव जागा दिल्या. ग्रामीण सेवा केली की तज्ज्ञ होण्याची वाट मोकळी होते, हे तिथल्या तरुण डॉक्टरला पक्के माहीत होते. राज्यांना असा कोटा ठेवण्याचा अधिकार आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये शिक्कामोर्तब केले. औषधांसाठी तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढले. प्रत्येक रुग्णालयाचे एक पासबुक, त्यात वर्षाची रक्कम, जिल्ह्याच्या गोदामातून हवे ते औषध उचलायचे. आपल्याकडे खरेदी आधी खात्यांकडे, मग हाफकिन या सरकारी महामंडळाकडे, आणि २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेली. तीन दशकांचे अंतर आहे हे. तमिळनाडूतले डॉक्टर आपल्यापेक्षा अधिक त्यागी आहेत असे कुणी म्हणणार नाही. तिथल्या विधानसभेने, सत्तेवर कुणीही असो, ही व्यवस्था मोडू दिली नाही.

बदल्यांचा विषय इथेच बोलून टाकतो, कारण तो टाळला जातो. ज्या लेटरहेडवर रुग्णासाठी विनंती जाते, त्याच लेटरहेडवर दुर्गम भागातल्या डॉक्टरच्या सोयीच्या बदलीची शिफारसही जाते. सेवानियमांत अशा दबावाला मनाई आहे. तरीही शिफारसी जातात आणि प्रतिनियुक्त्या होतात. आमदाराने आपल्या मतदारसंघाबाहेर डॉक्टर हलवण्यासाठी एकही पत्र द्यायचे नाही, असे जाहीर केले तर त्याला एक रुपयाही लागत नाही.

‘एकट्या आमदाराच्या हातात काय असते? तोही विरोधी पक्षातला असेल तर?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. पक्षादेश असतो, मंत्री उत्तर टाळतो, अर्थसंकल्पातल्या कितीतरी मागण्या चर्चेविना मंजूर होतात. तरी आपल्याच विधिमंडळाचा इतिहास काय सांगतो? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेल्या आणि चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. दवाखाने! शंभर वर्षांपूर्वी एका सदस्याने आरोग्यसेवेच्या दाराचा प्रश्न सभागृहात आणला. ठराव झाला म्हणून दारे आपोआप उघडली नाहीत. चार वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पण त्या सत्याग्रहाला पाय टेकायला तो ठराव होता. १९२८ मध्ये याच मंडळात डॉ. आंबेडकर नामनियुक्त सदस्य होते, मंत्री नव्हते, त्यांच्यामागे बहुमत नव्हते. कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, आणि मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असेही सुनावले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला असा पहिला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. केंद्राला तिथे पोचायला १९९४ उजाडले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ चा कायदाही असाच देशाच्या आधी. या सभागृहाने देशाला वाट दाखवली आहे. मग आरोग्याच्या हक्कावर ते गप्प का? राजस्थानने मार्च २०२३ मध्ये असा कायदा केला, खासगी डॉक्टरांच्या संपाला तोंड दिले, तडजोड केली, तरी कायदा पुस्तकात राहिला. आपल्याकडे खासगी रुग्णालयांवर आजही मुख्यतः १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याची चौकट आहे, २०२१ मध्ये नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक आले, एवढेच.

शेवटी पैसा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितले होते की २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करा. महाराष्ट्र, देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक, त्याच्या जवळपासही गेलेला नाही. राज्यावर कर्ज आहे, इतर योजना आहेत, सगळे एकदम होणार नाही, हे अर्थमंत्र्यांचे म्हणणे खोटे नाही. पण पुरवणी मागण्यांमध्ये रस्त्यांसाठी, स्मारकांसाठी पैसा निघतो तेव्हा आरोग्यासाठी कपात सूचना (मागणीत नाममात्र कपात सुचवून त्या विषयावर सरकारला बोलायला लावणारी सूचना) देणारे किती जण उभे राहतात? आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हा निर्णय अत्यंत चांगला आहे. केसपेपरचे पैसे वाचले म्हणून गर्दी वाढली, त्या गर्दीच्या प्रमाणात औषध आणि माणसे वाढली का, हे विचारायचे काम कुणाचे?

येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांच्या कार्यालयात जाणे होणारच असेल, तर सोबत तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची मंजूर पदे, भरलेली पदे आणि प्रतिनियुक्तीवर गेलेले अधिकारी यांची यादी न्यावी. माहिती अधिकारात ती मिळते, रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीतही मागता येते. २००७ पासून लोकाधारित देखरेखीच्या, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवा तपासण्याच्या उपक्रमातल्या, जनसुनावण्यांमध्ये अमरावती, नंदुरबार, पुणे या जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांनी अशाच याद्या अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवल्या होत्या. त्या यादीवर तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न लावा, उत्तर समाधानकारक नसेल तर अर्धा तास चर्चा मागा, असे स्पष्ट सांगावे. सूचना दिल्याची तारीख विचारून ठेवावी, आणि उत्तर छापून आले की ते रुग्णालयाच्या फाटकावर लावावे.